‘अनकंडिशनल’ या शब्दाचा वाक्यात उपयोग

बाबा, दादाने गुरुवारी हक्कसोडपत्र आणलं आणि जेवायला बसताना ते लोणच्याच्या बरणीखाली ठेवलं, पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून. चार पानं, सगळी इंग्रजीत. शेवटच्या पानावर आईच्या आणि माझ्या सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. आपली डोंबिवलीची बिल्डिंग पाडून नवी बांधणार आहेत. तुम्ही घेतली तेव्हाच ती जुनी होती, आता गॅलरीचे तुकडे खाली पडतात. नव्या घरात थोडी जादा जागा घ्यायची तर दादाला कर्ज काढावं लागेल, आणि बँकेला कागदावर एकच नाव हवंय. म्हणून आईने आणि मी आपापला हिस्सा सोडायचा आणि घर दादाच्या नावावर करायचं. सोमवारी अकरा वाजता नोंदणी. दादा म्हणाला, “ओळखपत्रं घेऊन या फक्त. दहा मिनिटांचं काम आहे.” दहा मिनिटांचं काम हे शब्द मी तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलेत, की तो बोलला तेव्हा मी मान वर करून पाहिलं.

मी हे तुमच्याच उरलेल्या लांब कागदांवर लिहितेय. कोर्टासाठी वापरायचात ते. माळ्यावर तुमच्या टायपिंग मशीनच्या खोक्यात एक गठ्ठा अजून होता, कडा पिवळ्या पडल्यात. आता घर रिकामं करायचं म्हणून सगळं खाली काढलंय.

मला घर नकोय बाबा, हे आधीच सांगते, कारण सध्या कुणालाच ते खरं वाटत नाही. मी ठाण्याला नौपाड्यातल्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते, माझं भागतं. मी त्या चार पानांत फक्त एक ओळ मागितली. आईला नव्या घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील, एवढीच. दादाचा हात ताटातच थांबला.

“म्हणजे मी आईला बाहेर काढणार?”

“मी असं म्हटलं का?”

“मग काय म्हटलंस? मुलगा आईला सांभाळेल हे कागदावर लिहून घेणार तू. लोक काय म्हणतील?”

“लोक कशाला वाचायला जातील? तूच अजून वाचलेलं नाहीयेस.”

“मला इंग्लिश येतं का? शिकलीस तू. मी नाही शिकलो.” मग तो आईकडे बघून, पण मला ऐकू जाईल असं म्हणाला, “हिची फी भरताना मी अट घातलेली का गं? पास झालीस तरच भरीन, असं म्हटलेलं कधी?”

तुम्ही गेलात तेव्हा तो बारावीत होता. परीक्षेला बसला नाही, तो आजपर्यंत. माजिवड्याच्या टॉवरांमधल्या लिफ्ट दुरुस्त करतो, दोन वर्षांपूर्वी लग्न झाल्यावर तिथेच भाड्याने राहायला गेला. घरात पहिली पदवी माझी, पण तिच्यासाठी उन्हातान्हात फिरला तो. त्याने खरंच कधी अट घातली नाही, आणि नेमकं म्हणूनच त्या रात्रीपासून मला त्याचा इतका राग येतोय. ज्याने आपल्यासाठी बिनशर्त केलं त्याच्याकडे आपण साधी एक ओळसुद्धा मागायची नाही, ही अटच झाली ना? आई तर माझ्यावरच चिडली. “माझ्या मुलावर अट घालतेस? माझ्या नावाने?” भांडण तिच्यासाठी आणि ती माझ्या विरुद्ध बाजूला. ताटं उचलताना तिने माझ्या हातातलं ताट काढून घेतलं, जणू तेवढं कामही आता मी करायचं नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी हा कागद करणाऱ्या वकिलांकडे गेले. शाळेपासून पाच मिनिटांवर आहेत. तरुण आहेत, नम्र आहेत, पाणी दिलं. मी ओळीचं सांगितलं तर हसून म्हणाले, “मॅडम, हक्कसोड हे अनकंडिशनलच असतं. तेच तर त्याचं सौंदर्य आहे. अट हवी तर वेगळा करार करावा लागेल, त्याची नोंदणी वेगळी, तोवर बिल्डरची तारीख जाईल. आणि घरातल्या घरात कसल्या अटी? हा प्रेमाचा मामला आहे. बघा, लिहिलंच आहे.” त्यांनी पान उलटून बोट ठेवलं. स्वाभाविक प्रेम आणि आपुलकीपोटी, कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने आणि अनकंडिशनली. ती ओळ बघितली आणि मला तुमचं बोट आठवलं. नखाच्या कडेला कार्बनची निळसर रेघ असलेलं.

तुमचं टेबल कोर्टाच्या भिंतीला लागून होतं. वर ताडपत्री, खाली एक पाय आखूड म्हणून विटेचा तुकडा. मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही मला सोबत न्यायचात आणि मी स्टुलावर बसून कार्बन लावून द्यायचे. एक कोरा, एक कार्बन, पुन्हा कोरा, चकचकीत बाजू खाली. नववी नापास झालेला माणूस इंग्रजी मजकूर इतका सफाईने टाइप करतो याचं नव्या वकिलांना फार आश्चर्य वाटायचं. तुमची बोटं न अडखळता चालायची, डोळे मशीनकडे नाहीत, डावीकडच्या हस्तलिखितावर. पण अर्थ तुम्हाला ठाऊक नव्हता. हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं, मला होतं. दहा वर्षांची असताना मी एका कागदावरचं कुणाचंतरी नाव मोठ्याने वाचलं तेव्हा तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घातलात, आयुष्यात एकदाच. “वाचायचं नाही. बघायचं. टायपिस्टने लोकांचे कागद वाचले तर कोण येईल त्याच्याकडे?” तुम्हाला तो इमानाचा नियम वाटायचा. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटत होतं. आता वाटतं, न वाचण्याला इमान म्हणणं सोपं असतं. वाचलं की काहीतरी करावं लागतं.

त्याच सुट्टीत एका सकाळी आत्या कल्याणहून आली. हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. ती स्टुलावर बसते, मी उभी राहते. तुम्ही गावच्या घराचा कागद आदल्या दिवशीच टाइप करून ठेवलाय, आजोबांच्या मागे घर तुम्हा दोघांचं, त्यातला तिचा हिस्सा ती सोडणार. ती कागद हातात घेते, उलटा आहे का सुलटा ते बघते आणि विचारते, “काय लिहिलंय रे यात?”

“नेहमीचंच. सगळ्यांचं असतं तेच.”

“मागच्या पडवीजवळची खोली तेवढी माझी हां. गणपतीला येईन, बाळंतपणाला पोरींना आणीन. तिथे तुझी लाकडं भरून ठेवू नको.”

“वेडी का तू? असं काय कागदावर लिहितात? घर तुझंच आहे.”

मग ती सही करते. चौथी शिकलेल्या बाईची सही, एकेक अक्षर सुटं, जणू एकमेकांची ओळख नाही. सही झाल्यावर तुम्ही आम्हाला उसाचा रस पाजलात. आत्या म्हणाली, “आलं कमी घालतो हा मेला,” आणि आपण तिघंही हसलो. मला वाटलं होतं, किती छान असतात कोर्टातली कामं.

दोन वर्षांनी तुम्ही ते घर विकलंत आणि ही डोंबिवलीची जागा घेतलीत. त्याआधी आपण ठाण्यात टेंभी नाक्यामागे भाड्याच्या खोलीत होतो, चौघं आणि तुमचं मशीन, मला अभ्यासाला जागा नव्हती. विकण्यात चूक होती असं मी म्हणत नाही. पण आत्याला तुम्ही सौदा झाल्यावर सांगितलंत, तेही फोनवर. ती वास्तुशांतीला आली, स्वयंपाकघरात एका बाजूला बसून जेवली, निघताना भिंतींकडे बघत म्हणाली, “मोठी झाली हो माझी खोली.” त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत तिने या घरात पाऊल टाकलं नाही. भाऊबीजेला तुम्हीच कल्याणला जायचात. ती ओवाळायची, करंज्या द्यायची, बोलायचीसुद्धा. पण येते म्हणायची नाही.

अशाच एका भाऊबीजेनंतरचा रविवार. मी तेरा वर्षांची. आठवीत इंग्रजीत पहिली आले म्हणून तुम्ही मला डिक्शनरी आणून दिली होतीत, जुनी, आत दुसऱ्या कुणाचं तरी नाव खोडलेलं, पण तुम्ही तिला खाकी कव्हर घालून आणलं होतंत. तुम्ही ट्रंकेतून एक कागद काढता, त्याची अशी घडी घालता की एकच ओळ दिसावी, आणि बोट ठेवून म्हणता, “हा शब्द बघ गं यात. काय अर्थ होतो?” मी मोठ्या रुबाबात पानं उलटते. “बिनशर्त. म्हणजे कुठलीच अट नसलेलं.” तुम्ही कागदावरचं बोट काढत नाही. मला वाटतं, तुम्हाला नीट कळलं नाही, म्हणून मी शाळेतल्यासारखा वाक्यात उपयोग करून दाखवते. “माय फादर्स लव्ह इज अनकंडिशनल. माझ्या वडिलांचं प्रेम बिनशर्त आहे.” तुम्ही म्हणालात, “छान.” कागदाची घडी अजून बारीक केलीत आणि पाणी प्यायला आत गेलात. शाबासकी मोठी मिळेल असं मला वाटलं होतं. मी हिरमुसले.

शुक्रवारी वकिलांकडून निघाले ती घरी न जाता पुढे कल्याणला आत्याकडे गेले. ती वाल सोलत बसली होती. मीही समोर बसून सोलायला लागले. सगळं ऐकून घेतलं तिने, दादाचं, आईचं, ओळीचं.

“सही करू का आत्या?”

“मला काय विचारतेस बाय? मी चौथी, तू बीए.”

“तू केली होतीस ना.”

“केली.” तिने एक डाळिंबी ताटलीत टाकली. “घराचा राग नाही गं मला. तुमची शिक्षणं व्हायची होती. मागितलं असतं तर डोक्यावर ठेवून दिलं असतं. पण रोज परक्यांचे कागद करायचा आणि बहिणीला दोन ओळी वाचून दाखवायला जीभ झिजत होती त्याची? सगळं समजून उमजून गप्प बसला. ते लागलं.”

“आत्या, त्यांना तरी कुठे कळत होतं? इंग्रजी यायचं नाही त्यांना. नुसती अक्षरं बघून टाइप करायचे.”

तिचे हात थांबले. इतकी वर्षं तिला वाटत होतं की इंग्रजी टाइप करणाऱ्या भावाला इंग्रजी येतं. दुसरं काय वाटणार?

“काय सांगतेस?”

“हिस्सा सुटला एवढं ठाऊक होतं त्यांना. पण तू जे खोलीचं बोललीस ते त्या कागदाने पुसून टाकलंय, कुठलीच अट उरत नाही असं त्यात लिहिलंय, हे नव्हतं ठाऊक.”

“मेला आंधळा,” ती म्हणाली. समोरची सालं गोळा करून बाजूला सारली. मग, “आम्ही दोघं आंधळी आणि कागद तेवढा डोळस.” पदराने डोळे पुसले आणि लगेच माझ्यावर खेकसली, “नीट सोल, निम्मा दाणा सालाबरोबर टाकतेयस.” निघताना मात्र दारात म्हणाली, “सही कर नाहीतर नको करू. वाचून काय ते कर. आणि तुझ्या आईलाही वाचून दाखव. तिला कुणी दाखवलंय का?”

कुणीच दाखवलं नव्हतं. मीसुद्धा नाही, बाबा. मी तीन दिवस आईच्या हक्कासाठी भांडत होते आणि तिच्या पुढ्यातला कागद तिला वाचून दाखवायचं मला सुचलं नव्हतं. मी इंग्रजीची शिक्षिका. गेल्याच आठवड्यात मी वर्गाला हाच शब्द घातला होता, अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. बावन्न वह्या आल्या. जवळपास सगळ्यांनी लिहिलंय, आईचं प्रेम अनकंडिशनल असतं. सगळ्यांना मी बरोबरची खूण दिली. मराठीत, इंग्रजीत, हा शब्द आपण नेहमी देणाऱ्याच्या गळ्यात बांधतो. घेणाऱ्याला कुणी म्हणतं का, बिनशर्त घे पण बिनशर्त सांभाळ?

आज दुपारी आई भाकऱ्या करत होती. मी ओट्याशेजारी उभी राहून पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. इंग्रजी वाक्य वाचायचं, मग मराठी. ती आधी म्हणाली, “मला कशाला सांगतेस, दादा बघतोय ना.” मी वाचत राहिले. तिचं नाव आलं, वय आलं, व्यवसाय गृहिणी आला. तिथे ती म्हणाली, “बरोबर आहे.” हिस्सा आला, हक्क आला, वारस आले. मग ती ओळ. मी सांगितलं, म्हणजे तू हे कुठल्याही अटीशिवाय देतेयस, आणि पुढे कधीही या घरावर तुला किंवा तुझ्या वतीने कुणाला काही सांगता येणार नाही.

तव्यावरची भाकरी तिने उलटली नाही.

“नव्या घरात मी झोपणार कुठे, ते लिहिलंय का?”

“नाही.”

“आणि तू?”

“मीही नाही.”

“देव कुठे ठेवायचे ते?”

“आई, यात तसलं काही नसतं.”

“मग चार पानं भरून लिहिलंय काय?” ती म्हणाली. “ती ओळ परत वाच.”

मी परत वाचली. भाकरी एव्हाना करपली होती. आईने गॅस बंद केला, हात धुतले, पदराला पुसले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत अगदी शांतपणे म्हणाली, “सोमवारी मला ताप येणार आहे. दादाला कळव.”

मला हसू फुटलं, तीन दिवसांत पहिल्यांदा. पण ती हसत नव्हती. “त्याला नाही म्हणता येत नाही मला,” म्हणाली. “तापाला तो काय करेल? तोवर त्या वकिलाला सांग, मराठीत लिही म्हणावं. आणि देवांचं घाल त्यात.” आत्ता ती आत पडून आहे, कपाळावर ओला रुमाल ठेवून. सराव करतेय बहुतेक.

दादाला मी फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तूच शिकवलंस ना तिला हे?” मी म्हटलं, शिकवलं नाही, वाचून दाखवलं, तुलाही दाखवते, संध्याकाळी ये. फोन ठेवला त्याने. येईल का नाही, ठाऊक नाही. आला तर पहिल्या ओळीपासून वाचणार आहे, रागावला तरी. वेगळा करार करायला लागला तर करू, बिल्डरची तारीख गेली तर जाऊ दे. ज्याने माझ्यासाठी पुस्तकं सोडली त्याला न वाचता सही करायला लावणं हे काही प्रेम नाही, मग त्यावर आपुलकीपोटी असं कितीही छापलेलं असू दे. आणि तरीही मला भीती वाटतेय बाबा. तो आलाच नाही तर? मीही उद्या आत्यासारखीच त्याच्याशी बोलेन, ओवाळीन, करंज्या देईन, पण येते म्हणणार नाही.

तुमच्यावर चिडून हे पत्र सुरू केलं होतं. अजून चिडलेलीच आहे. अर्थ माहीत नव्हता हे मान्य. पण माहीत झाल्यावर? त्या रविवारनंतर तुम्ही तीन वर्षं होतात. तीन भाऊबीजा झाल्या. एकदा तरी आत्याला म्हणायचं होतंत, मला कळलं नव्हतं गं. हे मी तुम्हाला ठणकावून विचारणार होते.

पण खोक्यात, मशीनच्या खाली, तो कागद सापडला. कार्बनची प्रत, बारीक घडी, तुम्ही घातली होतीत तशीच. आता हे पत्र मी त्याच घडीत ठेवणार आहे आणि खोकं परत बांधणार आहे, म्हणून शेवटचं सांगून टाकते. त्या दिवशी तुम्ही पाणी प्यायला आत जाताना कागद माझ्या अभ्यासाच्या टेबलावर राहिला होता. मी घडी उलगडली होती. आत्याचं नाव मी वाचलं, तिची सुटीसुटी सही बघितली, आणि मला सगळं कळलं होतं, तुम्हाला काय कळलंय तेसुद्धा. तुम्ही बाहेर आलात तेव्हा कागद पुन्हा जसाच्या तसा होता आणि मी डिक्शनरीत डोकं घातलं होतं. आत्याला सांगायला मी जाऊ शकले असते. पण या घरात खिडकीजवळ ते टेबल आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या एकटीचं होतं, बाबा, आणि त्यावर ऊन फार छान यायचं.